वीरभद्राला गूळ नको

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, गिरणीचा दुपारचा भोंगा वाजायच्या सुमाराला, साखर पेठेतले गुळाचे अडते महादेवप्पा देवघरासमोर बसल्या बसल्या कापायला लागले. आधी हात, मग मान, मग सगळं अंग. कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळून मिशीत उतरले. बायको गौरम्मा पाद्यपूजेला यायच्या स्वामींच्या पाटाभोवती रांगोळी काढत होती. तिनं काय होतंय म्हणून विचारलं. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाशीसुद्धा पुटपुटल्यासारखा बोलायचा. पण त्यानं डोळे असे वटारले आणि आवाज असा लावला, की माळ्यावरची मांजर उडी मारून जी पळाली ती थेट होटगीला जाऊन राहिली म्हणतात.

"मला काय विचारतीस? त्या भिंतीला विचार. हलतीय ती."

गौरम्माच्या हातातली रांगोळी सांडली. तेवढ्यात आतून काशम्मा आली. काशम्मा म्हणजे महादेवप्पांची विधवा आत्या. आईवेगळ्या पोराला तिनंच वाटीनं दूध पाजून वाढवलेलं, आणि पोराला टक्कल पडलं तरी वाटी काही तिच्या हातातून सुटलेली नव्हती. तिचा शब्द या घरात चालायचा असं म्हणणं बरोबर नाही. दुसऱ्या कुणाचा चालत नसे. तिनं भाच्याकडे एकदा बघितलं. सोमवार, श्रावण, अंगाला भस्म, समोर देव, लालबुंद डोळे आणि थरथर. घराण्याचं कुलदैवत वीरभद्र.

"गौरव्वा, मागं सर," ती सुनेला म्हणाली. "वीरभद्र आलाय अंगात."

तिनं नारळ फोडला, खोबऱ्याबरोबर गुळाचा खडा देवाच्या तोंडात घातला. देवानं तो कडाकडा फोडून खाल्ला आणि हात पुढं केला. दुसरा दिला, तिसरा दिला. थोड्या वेळानं थरथर थांबली, डोळे निवळले आणि महादेवप्पांनी झोपेतून उठल्यासारखं इकडं तिकडं बघत विचारलं, "नारळ का फोडला? स्वामी आले का?"

पेठेला ही बातमी संध्याकाळपर्यंत कळली. नाही म्हणायला एका बहिऱ्या म्हाताऱ्याला मंगळवारी सकाळी कळली.

आता महादेवप्पांच्या दुखण्याचं थोडं सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात त्यांना तहान लागली होती. तहान सगळ्यांनाच लागते, पण ही तहान अशी, की ते घरात शिरले की घागरी आपल्या आपण रिकाम्या व्हायच्या. माणूस वाळत चालला. धोतराला जादा वेढा बसायला लागला, मग आणखी एक. दुकानातल्या काट्यावर एका पारड्यात त्यांना आणि दुसऱ्यात गुळाची ढेप ठेवली असती तर मालक वर गेला असता. हे दुखणं पहिल्यांदा मुंग्यांनी ओळखलं. मोरीत त्यांची रांग लागली. डॉक्टर वळसंगकरांनी त्यांच्यामागून ओळखलं, पण मुंग्यांना औषध देता येत नाही, डॉक्टरांना येत होतं. मधुमेह आहे, साखरगूळ बंद, असं त्यांनी सांगितलं. गुळाच्या अडत्याला गूळ बंद. पुढं महादेवप्पा ढेपेचा नुसता वास घेऊन भाव करायचे आणि घरी येऊन उसासे टाकायचे.

आषाढात डॉक्टरांनी इन्शुलिनची सुई सुरू केली. औषधाची बाटली मुंबईहून मेलगाडीनं बर्फात यायची. घरात ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. रोज सकाळी डॉक्टरांचे कंपाउंडर एकनाथराव सायकलवरून यायचे, सुई उकळायचे, टोचायचे आणि घंटी वाजवत जायचे. हे औषध कुठल्या जनावरापासून करतात ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि लिंगायताच्या घरातल्या महादेवप्पांनी विचारलं नव्हतं. दोघंही शहाणे होते. एक मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई झाली की अर्ध्या तासात जेवायचं. महादेवप्पा रोज जेवायचे. काशम्मा भाकरी तयारच ठेवायची. तहान गेली, गालावर मांस आलं, धोतराचे वेढे कमी झाले. गौरम्मा तर एकनाथरावांच्या सायकलीला हळदकुंकू लावायचीच बाकी होती.

आणि अशात हा देव आला.

श्रावणी सोमवारी या घरात जंगम स्वामींची पाद्यपूजा व्हायची. स्वामी जेवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, ही काशम्माच्या आज्याच्या आज्यापासूनची रीत. पेठेचे स्वामी गुरुपादय्या. सोमवारी त्यांना पुष्कळ घरं असायची आणि महादेवप्पांचं घर ते नेमानं शेवटी ठेवायचे. कारण एकच, गौरम्माची हुग्गी, गूळ घालून केलेली गव्हाची दाट खीर. ती खाल्ल्यावर स्वामींना उठता येत नसे. एकदा मधेच खाऊन पुढच्या घरी निघाले होते, तर दोघांनी धरून नेलं आणि तिथल्या लोकांना वाटलं स्वामी आजारी आहेत.

दुसऱ्या सोमवारी स्वामींच्या आधी लोकच आले. ओसरीवर जागा उरली नाही. महादेवप्पांना लाज वाटत होती. मला काही येत नाही, घरी जा, असं ते सांगत होते, आणि भोंगा व्हायच्या आत त्यांची मान हलायला लागली. नागव्वा नावाच्या एका दूधवालीची म्हैस हरवली होती. ती पाया पडून विचारायला लागली, म्हैस कुटं हाय. देव काही बोलेना. तिनं पुन्हा विचारलं, परत विचारलं, पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. देव चिडला.

"माझं डोकं खाऊ नको," देव म्हणाला. "जा, तळ्यात जीव दे."

नागव्वा गावाजवळच्या कंबर नावाच्या तळ्यावर गेली. जीव द्यायला गेली की आणखी कशाला हे तिनं कधी सांगितलं नाही. म्हैस तळ्यात मानेपर्यंत बसली होती.

त्यानंतर महादेवप्पांचं घर महादेवप्पांचं राहिलं नाही. वैरागहून एक कुटुंब बैलगाडी जुंपून आलं. दुकानात लोक गूळ घ्यायच्या आधी पायावर डोकं ठेवायला लागले, आणि डोकं ठेवल्यावर भाव करणं बरं दिसत नसल्यानं धंदा उलट बरा चालला. महादेवप्पांना मात्र कशात गोडी उरली नाही. एके सकाळी त्यांनी गौरम्माला बाजूला घेतलं.

"मला काय आठवत न्हाई गं," ते म्हणाले. "तुमी म्हणता देव येतो. मला तर दर टायमाला वाटतं, आता आपण मरतोय."

गौरम्मानं ते आत्याबाईंना जाऊन सांगितलं. काशम्मा म्हणाली, देव येणं म्हणजे काय पाहुणा येणं आहे का, तसंच वाटायचं.

तरी काशम्माच्या मनात एक खुटखुट होतीच. इतकी वर्षं न आलेला देव याच वर्षी का आला? घरात यंदा नवं काय आलं? विचार करता करता तिची नजर माठाखाली गेली. तिसऱ्या सोमवारी भाचा घुमायला लागल्यावर तिनं लोकांना गप्प केलं, वाळूतली बाटली उकरून आणली आणि देवाच्या नाकासमोर धरली.

"देवा, खरं सांग. ही सुई तुला चालती का?"

महादेवप्पांचे हात त्या वेळी वाऱ्यावरच्या झेंड्यासारखे चालले होते. त्यातला एक बाटलीला लागला. बाटली शहाबादी फरशीवर पडून फुटली.

"झाला निकाल," काशम्मा म्हणाली. "आजपासून सुई बंद."

दुसऱ्या दिवशी एकनाथराव दारात आले तर काशम्मा उंबऱ्यावर बसलेली. त्यांनी घंटी वाजवली, तिनं ऐकली, आणि ते सायकल वळवून गेले.

सुई गेली तसा देवही शांत झाला. थरथर नाही, घाम नाही. सोमवार सोडून ती एरवीही नसायची, पण ते कुणी मोजलं नाही. काशम्मा सगळ्यांना सांगत सुटली, बघा, देवाला हेच पाहिजे होतं. पण घागरी पुन्हा रिकाम्या व्हायला लागल्या. मोरीत मुंग्या आल्या. महादेवप्पा दुकानात बसल्या बसल्या लोटाभर पाणी पिऊन दुसऱ्या लोट्याची वाट बघायचे. सुटलेला धोतराचा वेढा परत बसला. गौरम्मानं तो वेढा बघितला आणि कुणाला न विचारता डोक्यावर पदर घेऊन तडक डॉक्टर वळसंगकरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हशीपर्यंत येईतो ते गंभीर होते, म्हशीपाशी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"हा देव मंगळवारी, बुधवारी कधी येतो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. सोमवारीच."

"आणि सोमवारी ते जेवतात कधी?"

"स्वामी जेवल्यावर. दिवस कलायला लागतो."

डॉक्टर खुर्चीत ताठ बसले. "अहो बाई, मी बजावलं होतं ना, सुई झाली की अर्ध्या तासात रोज जेवायचं?"

"रोज जेवतातच की," गौरम्मा म्हणाली. "सोमवाराचं तुमी कुटं बोलला?"

 डॉक्टर स्वतः श्रावणी सोमवार रात्री सोडत, तरी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की सुई रक्तातली साखर खाली आणते. वरून अन्न पडलं नाही तर ती फारच खाली जाते. मग माणूस कापतो, घामेजतो, चिडतो, भलतंसलतं बोलतो. तोंडात गूळ पडला की साखर वर येते आणि माणूस भानावर येतो. वेळेवर गूळ मिळाला नसता तर मात्र कठीण होतं. म्हणजे काशम्मानं देवाला नैवेद्य म्हणून जे दिलं, त्यानंच भाचा तीनदा वाचला होता.

डॉक्टर स्वतः घरी आले. काशम्मानं त्यांना पाट दिला, दूध दिलं आणि त्यांचं सगळं बोलणं मान न हलवता ऐकून घेतलं.

"म्हणजे रिकाम्या पोटी ही सुई टोचली की अंगात येतं म्हणता," ती म्हणाली.

"देव नव्हे, काशम्मा. पण थरथर, घाम येतो, हो. कुणालाही येईल."

"कुणालाबी?"

"कुणालाही."

"मग डाक्टर, तुमी घ्या की टोचून. मी बसते हितं. बघू या तुमच्या अंगात कोण येतंय."

डॉक्टरांनी दूध संपवलं आणि दुसऱ्या एका रोग्याला बघायचंय म्हणून उठले. जाताना गौरम्माला एवढंच म्हणाले, की नवी बाटली दवाखान्यात आहे, पण फार दिवस काढू नका.

मग महादेवप्पा स्वतः आत्याकडे गेले. ते आत गेले तेव्हा ठाम होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कारल्याच्या रसाचा रिकामा पेला होता. "तू कोण सांगणारा?" असं तिनं विचारलं होतं. "देवानं बंद केली, देवानं सांगितलं तर चालू करीन."

रात्र पडायच्या आधी नवराबायको दुकानामागच्या गुदामात ढेपांच्या आडोशाला बोलत बसली. घरात बोलायची सोय नव्हती.

"देव सांगंल तर सुई," महादेवप्पा म्हणाले. "आणि सुई घेतली तर देव येणार. सुई न्हाई तर देव यायचा कसा? बसा आता."

गौरम्मानं हमाल जवळ नाही ना ते वाकून बघितलं. मग म्हणाली, "तुमी आणा की."

"आत्याला फसवू?"

"तिनं वाटीवाटीनं दूध पाजून तुमाला जगवलं. आता तिच्याच हट्टापायी तुमी गेला, तर उरलेला जन्म ती म्हातारी काढायची कशी? त्याचा इचार करा."

महादेवप्पांनी तसा विचार केलाच नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं घुमून बघितलं. गौरम्मानं तोंडावर पदर धरला. देव थंडी भरल्यासारखा कापतोय म्हणाली. त्यांनी आवाज चढवून बघितला, तर हमाल आला आणि काय पाहिजे म्हणून विचारायला लागला. माणूस आयुष्यात गुळाच्या रंगापलीकडं कधी खोटं बोलला नव्हता. पण सोमवार काही थांबणार नव्हता.

चौथ्या सोमवारी ओसरी, अंगण आणि समोरच्या घराचं जोतंसुद्धा भरलं. गेल्या खेपेचा निकाल ऐकून बाहेरगावचेही आले होते. नागव्वा तर म्हशीला घेऊनच आली होती, तिलाही दर्शन घडावं म्हणून. स्वामी गुरुपादय्या त्या दिवशी इतर घरं उरकून जरा लवकर पोचले होते आणि पाटावर बसून स्वयंपाकघराकडं बघत होते. भोंगा झाला. महादेवप्पांनी डोळे मिटले, मनातल्या मनात वीरभद्राची क्षमा मागितली आणि मान हलवायला सुरुवात केली.

गौरम्मानं निरखून बघितलं. सगळं जमलं होतं, कपाळ मात्र कोरडं. भस्माचे पट्टे आखल्यासारखे जागच्या जागी. तिनं पूजेचा तांब्या उचलला आणि अभिषेक म्हणून नवऱ्याच्या डोक्यावर उपडा केला. पाणी गार होतं. त्यामुळं देवाची पहिली किंकाळी तरी अगदी खरी निघाली.

"कुणी रं सुई बंद केली?" देवानं विचारलं.

लोक मागं सरले. काशम्मा हात जोडून पुढं आली. "तूच की देवा. बाटली तूच फोडलीस."

हे गुदामात ठरलेलं नव्हतं. देव थोडा अडखळला. "शिळी होती," देव म्हणाला. "नवी आण. ती सुई म्हंजे माझ्या तलवारीचं टोक हाय. ती बंद करशील तर ज्याच्या अंगात येतो ते हे झाड मी ठेवणार न्हाई."

काशम्माचा चेहरा उतरला. ती पुढं वाकली आणि तिनं भाच्याच्या तोंडाकडं बघितलं. इतकं जवळून ती त्याला त्याच्या लहानपणी गोवर आला तेव्हा बघत बसली होती.

"घेईल सुई. आणखी काय आज्ञा?"

ठरलं होतं ते असं, की सुई झाल्यावर स्वामींच्या आधी जेवायचं. पण आत्या एवढी जवळ, समोर स्वामी बसलेले, मागं आज्याच्या आज्यापासूनची रीत. देवाचा धीर सुटला.

"स्वामींनी..." देव म्हणाला, "स्वामींनी सोमवारी पहिल्यांदा हितं यायचं. सकाळीच. सुई झाली की."

स्वामी गुरुपादय्यांनी दोन्ही हात वर करून आज्ञा मान्य केली. इतक्या तातडीनं त्यांनी आजवर कुठलीच आज्ञा मान्य केली नव्हती.

काशम्मा उठली आणि नेहमीसारखा गुळाचा भला मोठा खडा घेऊन आली. गौरम्मा पुढं व्हायच्या आत तो देवाच्या ओठांना लागला. देवानं तोंड मिटून घेतलं. काशम्मानं खडा जरा दाबला. सुई नसताना गूळ खायचा म्हणजे काय होतं, हे डॉक्टरांकडून ऐकलेलं महादेवप्पांना नेमकं त्या वेळी आठवलं आणि त्यांनी मान फिरवली.

"गूळ नको," देव हळूच म्हणाला.

 काशम्मा बराच वेळ भाच्याकडं बघत राहिली. मग तिनं तो खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि लोकांकडं वळली.

"आज देवाचा उपास दिसतोय," ती म्हणाली. "आज्ञा तर ऐकलीत न्हवं? मग बसलाय कशाला? गौरव्वा, त्या एकनाथाला सांगावा धाड, उद्या घंटी वाजवत बसू नको म्हणावं, सरळ आत ये."

पुढच्या सोमवारी स्वामी गुरुपादय्या दिवस वर यायच्या आत हजर होते. एकनाथरावांनी सुई टोचली, स्वामी जेवले, महादेवप्पा जेवले, आणि देव काही आला नाही. घोटाळा झाला तो निराळाच. पोटभर हुग्गी खाऊन स्वामी ओसरीवर आडवे झाले ते दिवस कलला तरी उठेनात. बाकीच्या घरांतले लोक पाद्यपूजेचं ताट मांडून उपाशी वाट बघत बसले. त्या दुपारी साखर पेठेत निम्म्या घरांतली माणसं घामेजून एकमेकांवर ओरडत होती, आणि वैरागहून आलेल्या मंडळींना कुठल्या देवाच्या पाया पडावं ते कळेना. शेवटी काशम्मानंच तोड काढली. सकाळी स्वामींना दूध-भाकरी द्यायची, हुग्गी सगळी घरं झाल्यावर. स्वामींनी वीरभद्राची तशी आज्ञा आहे का म्हणून विचारून बघितलं. माझी आहे, असं तिनं सांगितलं.

चौथ्या सोमवारचा देव खरा होता का, हे काशम्माला कधी कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पण तिच्या कनवटीला तेव्हापासून गुळाचा एक खडा असायचा. दिवाळीनंतरची गोष्ट. मालाची गाडी आली म्हणून महादेवप्पा सकाळी भाकरी अर्धी टाकून दुकानाला पळाले, आणि थोड्या वेळानं परत आले ते हमालाला उगाचच शिव्या देत. कपाळ ओलं, हात कापताहेत. ओसरीवर वाती वळत बसलेल्या काशम्मानं वाती बाजूला ठेवल्या, कनवटीचा खडा काढला आणि भाच्याच्या तोंडात घातला.

"आलास व्हय देवा?" ती म्हणाली. "हे घे, आन् जा लवकर. त्याची भाकरी गार हुतीया."